माहेर एका पॅनेलमध्ये, सासर दुसऱ्या पॅनेलमध्ये

पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

“ताई, माझं वय चौतीस. लग्नाला अकरा वर्षं झाली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. सासर-माहेर एकाच तालुक्यात, मध्ये फक्त नदी. माझा भाऊ आणि हे जिवलग मित्र होते, त्यातूनच आमचं लग्न ठरलं. साखर कारखान्याच्या गेल्या निवडणुकीत ह्यांचे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, एका पॅनेलमधून उभे राहिले आणि माझा दादा दुसऱ्या. मतमोजणीच्या दिवशी तिसऱ्याच एका पुढाऱ्याच्या गाडीवर गुलाल टाकण्यावरून बाचाबाची झाली, मग मारामारी. दादाचा हात मोडला. त्याच्या फिर्यादीत माझ्या चुलत दिराचं नाव आहे.

“तेव्हापासून हे माझ्याशी फक्त मुलांसमोर बोलतात. अंगावर कधी हात टाकला नाही, पण माझा फोन रोज तपासतात. ‘आपल्या घरातलं तुझ्या भावाला कसं कळतं?’ म्हणतात. राखीला जाऊ दिलं नाही. दिवाळीपासून माहेरचं तोंड पाहिलेलं नाही. आईला साखर आहे, पायाची जखम भरत नाहीये. दादाचा फोन येतो, पण आईचं सांगायला नाही. ‘तात्यांकडे कोण कोण येऊन गेलं’ हे विचारायला. एकदा मी सांगून बसले. त्याचा उपयोग केला गेला. ते मनातून जात नाही.

“आता जिल्हा परिषदेचा आमचा गट महिलांसाठी राखीव झालाय. दादा वहिनीला उभी करतोय. तात्या म्हणतात, तू उभी राहा, माहेरची मतं फुटतील. ह्यांनी मला विचारलं नाही, ‘फॉर्मवर सही करायचीय’ एवढंच सांगितलं. मी बी.ए. आहे, बचत गट चालवते, कामाची आवड आहे. पण वहिनीसमोर? तात्या भर बैठकीत म्हणाले, ‘जिजाऊंनी बापाला सोडलं आणि सासर धरलं. तूही जिजाऊंची लेक ना?’ मला उत्तर सुचलं नाही. काय करू? नवरा सोडू, माहेर सोडू, की सही करून मोकळी होऊ? मुलगी विचारते, मामा वाईट आहे का? तिला काय सांगू?”

प्रिय मैत्रिणी,

सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण अर्ज भरायची मुदत सावकाशीनं चालत नाही, म्हणून हे आधी सांगितलं.

राजकारण बायकांचं काम नाही असं मी म्हणते आहे, असा याचा अर्थ अजिबात घेऊ नका. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्यातल्या कित्येक जणी तुमच्यासारख्याच, ‘सही कर’ म्हटल्यावर सही करून आत गेल्या आणि पुढे ग्रामसेवकाला हिशेब विचारायला शिकल्या. अशा बायकांबद्दल मला मनापासून आदर आहे. तुम्हीही एक दिवस उभ्या राहाव्यात असं तुमचं पत्र वाचताना वाटलं, कारण बचत गटाबद्दल तुम्ही जी दीड पानं लिहिली आहेत त्यातली बाई आणि बाकीच्या पानांवरची बाई या दोन वेगळ्या वाटतात. पण या वेळी तात्यांना उमेदवार हवाच कुठे आहे? त्यांना हवं आहे ते तुमचं माहेरचं आडनाव, तेही वहिनीच्या विरोधात वापरायला. शिवाय घरात महिनोन्महिने अबोला धरून, फोन तपासून, मग समोर कागद ठेवला तर त्यावरच्या सहीला संमती म्हणता येत नाही. तुम्ही जिंकलात तरी पाच वर्षं सह्या करत राहाल, हरलात तर दोन्ही घरं खापर तुमच्याच डोक्यावर फोडतील.

शिवाय तो कागद साधा नसतो. उमेदवारी अर्जासोबत शपथपत्र जोडावं लागतं. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, सगळं त्यात लिहायचं असतं आणि खरंखोटं ठरतं ते सही करणाऱ्याच्या नावावर. सातबारा एकत्र असलेल्या घरात नवऱ्याच्या नावावर काय आहे, सोसायटीचं पीककर्ज किती उचललेलं आहे, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलंय का? आणि हे पत्र छापून येईपर्यंत सही झाली असेल, तर हबकून जाऊ नका. माघारीची मुदत असते. त्या मुदतीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे उमेदवाराने लेखी अर्ज दिला की उमेदवारी मागे घेता येते.

आता जिजाऊंचं. हे थोडं लांबेल, पण भर बैठकीत ज्या नावाने तुमची वाचा बंद केली, त्या नावाबद्दल तुमच्याजवळ नीट माहिती असली पाहिजे.

सिंदखेडचे लखुजी जाधवराव आणि वेरूळचे भोसले, दोघेही निजामशाहीचे सरदार. एकाच दरबारात उठबस, आणि लखुजींची लेक भोसल्यांच्या घरात. कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात त्या दोन घरांमधल्या रक्तपाताचं वर्णन केलं आहे. दरबार सुटला, सरदार आपापल्या लवाजम्यासह बाहेर पडत होते, तेवढ्यात खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. लखुजींचे चिरंजीव दत्ताजी त्या हत्तीवर तुटून पडले, तर शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी आणि खेळोजी खंडागळ्यांच्या बाजूने धावले. त्या झटापटीत दत्ताजी मारले गेले. पुढे निघून गेलेले लखुजी मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून माघारी फिरले. शहाजीराजे चुलतभावांच्या बाजूने उतरले आणि जखमी होऊन पडले, तर लखुजींनी संभाजींना ठार केलं. एका दिवसात जिजाऊंचा भाऊ गेला, चुलतदीर गेला, नवरा जखमी झाला, आणि नवऱ्याच्या समोर तलवार घेऊन उभे होते ते त्यांचे वडील. ज्याच्यावरून हे सगळं पेटलं तो हत्ती ना जाधवांचा होता, ना भोसल्यांचा. तुमच्या पत्रातली ती गुलालाची गाडी वाचताना मला तोच हत्ती आठवला.

पुढे १६२४ मध्ये भातवडीची लढाई झाली. तेव्हा लखुजी मोगलांकडून होते आणि शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने निजामशाहीकडून. शहाजीराजांचे सख्खे भाऊ शरीफजी त्या लढाईत पडले. म्हणजे सासरे-जावई नुसते रुसलेले नव्हते, समोरासमोरच्या फौजांत होते. या सगळ्या काळात जिजाऊ काय म्हणाल्या? आपल्याकडे गोष्ट सांगतात की दिवस भरत आलेल्या जिजाऊंची आणि लखुजींची जुन्नरजवळ गाठ पडली, बाप माहेरी चल म्हणाला आणि लेकीने त्याला सडेतोड सुनावलं. तात्यांना आठवत होती ती हीच गोष्ट. तारखा लावून पाहा. लखुजींचा खून २५ जुलै १६२९ चा. शिवाजी महाराजांचा जन्म, राज्य सरकार जी तारीख मानतं त्याप्रमाणे, १९ फेब्रुवारी १६३० चा. लखुजी गेले तेव्हा जिजाऊंना फार तर तिसरा महिना असेल. तो संवाद कीर्तनकारांनी आणि नाटकवाल्यांनी रंगवला, त्यांना तो हवा होता. त्या दिवसांत जिजाऊंच्या मनात काय होतं, त्याची त्यांच्या हातची एक ओळही आपल्यापाशी नाही. ‘बाप सोडला’ हे वाक्य त्यांच्या तोंडी नंतरच्या लोकांनी घातलं.

आणि जे नोंदलेलं आहे ते तात्यांनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. लखुजी पुन्हा निजामशाहीत आले होते. दौलताबादच्या किल्ल्यात त्यांना दरबारात बोलावून घेतलं आणि निजामशहाच्या इशाऱ्यावरून कापून काढलं. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे, यशवंतराव हा नातू, असे तिघेही तिथेच मारले गेले. ही बातमी कळल्यावर निजामशाही सोडली कुणी? शहाजीराजांनी. दत्ताजी गेले त्या दिवशी ज्या सासऱ्याच्या विरुद्ध ते लढले होते, ज्यांच्या समोरच्या फौजेत भातवडीला उभे होते, त्याच सासऱ्याच्या खुनानंतर जावयाने तो दरबार सोडला. त्यात राजकारणही होतं, उद्या आपल्यावरही हीच पाळी येईल हा धसकाही असणार. तरी ते घडलं. अशा घरातल्या नात्यांना ‘हे धरलं आणि ते सोडलं’ एवढ्यावर बसवता येत नाही. आणि जाधव-भोसल्यांचं वैरही कायमचं राहिलं नाही. धनाजी जाधव, पुढचे मराठ्यांचे सेनापती, लखुजींच्याच घराण्यातले.

हे सगळं तात्यांना उत्तर म्हणून बैठकीत ऐकवायला जाऊ नका. इतिहासावर वाद झाला की मूळ विषय, म्हणजे तुमची सही, बाजूला पडेल. हे तुमच्यापुरतं ठेवा. जिजाऊंचं नाव घेऊन तुम्हाला कुणी ढकलू लागलं, तर आतून खचायचं कारण नाही, एवढ्यासाठी लिहिलं.

माझ्या मते तुमच्यापुढचा प्रश्न नवरा की भाऊ हा नाहीच. तो प्रश्न तात्यांनी आणि दादाने तयार केला आहे, कारण दोघांनाही तुमच्याकडून काहीतरी हवं आहे: एकाला नाव, दुसऱ्याला बातमी. तुम्ही दोघांनाही ती वस्तू द्यायची नाही, आणि दोघांशी नातं मात्र ठेवायचं. हे बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून कुठून सुरुवात करायची ते सांगते.

सुरुवात नवऱ्यापासून. तात्यांना नकार कळण्याआधी तो नवऱ्याला तुमच्या तोंडून कळला पाहिजे. बैठकीत, सगळ्यांदेखत नकार दिलात तर तो तुम्ही तात्यांना दिला असं होणार नाही, ‘बायकोने नवऱ्याची मान खाली घातली’ असं होईल, आणि त्यानंतर हे तुमच्याशी बोलू इच्छित असले तरी त्यांना बोलता येणार नाही.

एकत्र घरात नवरा-बायकोला धड दोन वाक्यं बोलायला जागा नसते, ही या सगळ्यातली मोठीच अडचण. रात्री खोलीत बोलायला जाऊ नका; भिंतीपलीकडे माणसं असतात आणि पाठ करून झोपलेल्या माणसाला उठवून बोलणं म्हणजे भांडणाचीच सुरुवात. तुमच्या पत्रात आहे की दिवसाच्या लाइटीचा आठवडा असला की हे सकाळी मोटार चालू करायला मळ्यात जातात. तो वेळ बघा. मुलं शाळेत गेली की चहा घेऊन जा. उसाच्या बांधावर, पाणी दाऱ्यातून वळवताना, हातात खोरं असलेला माणूस ओट्यावर बसलेल्या माणसापेक्षा जास्त ऐकतो. समोर डोळ्यांत बघावं लागत नाही, हात कामात असतात आणि तात्या तिथे नसतात.

आणि तिथे पहिलं वाक्य तक्रारीचं नसावं. दादाला एकदा तुम्ही सांगितलंत ते त्यांना स्वतःहून सांगा. कोण जेवायला आलं होतं, किती सांगितलं, कधी सांगितलं, सगळं. ‘मी सांगायला नको होतं. पुन्हा सांगणार नाही.’ काही मैत्रिणी मला म्हणतील, हे काय, आयतं कोलीत हातात द्यायचं? माझा अंदाज असा की त्यांना संशय आहेच, आणि रोज फोन तपासूनही तो मिटत नाहीये. खरं एकदा ऐकलं की निदान नसलेल्या गोष्टी शोधायचं थांबेल. मात्र तुमच्या मनात थोडी जरी भीती असेल की हे ऐकून ते हात उचलतील, तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. अजिबात सांगू नका. नवऱ्याला तुम्ही ओळखता, मी नाही.

हे सांगून झालं की फोनचा विषय काढा. ‘मी खरं सांगितलं, आता माझा फोन माझ्याकडे राहू दे.’ मग सहीचा. ‘मी उभी राहणार नाही. वहिनीसमोर तर नाहीच. तुम्ही तात्यांना सांगाल की मी सांगू, एवढंच ठरवा.’ आवाज चढवू नका, कारणांची रांग लावू नका. एक कारण सांगा आणि थांबा. ते निघून जातील कदाचित. जाऊ द्यात.

नवऱ्याबद्दल आणखी एक सांगायचं आहे. तुम्ही त्यांचा अबोला तुमच्यावरचा राग म्हणून वाचता आहात. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार वेगळं वाटलं: दादा आणि हे जिवलग मित्र होते, त्यातूनच लग्न ठरलं. या माणसाचा त्या मतमोजणीच्या दिवशी मित्र गेला. घरात ते कुणासमोर बोलून दाखवता येत नाही. तात्यांसमोर तर नाहीच. तिथे तर मेव्हण्याचा माणूस समजू नये म्हणून दुप्पट कडक वागून दाखवावं लागत असेल. सातबारा एकत्र, सोसायटीच्या पीककर्जावर तात्यांचा शब्द, उसाला तोड कधी येणार तेही त्यांच्या फोनवर. ऊस वेळेवर तुटला नाही तर वर्षाचं गणित कोसळतं, हे शेतकऱ्याच्या घरात लहान मुलालाही कळतं. मोठ्या घरातल्या धाकट्या माणसाची ही कोंडी तुमच्या नवऱ्याच्या तोंडून तुम्ही कधी ऐकली आहे का? एकदा विचारून बघा: ‘तात्यांना नाही म्हटलं तर आपलं काय होईल?’ उत्तर मिळालं, तर पहिल्यांदाच तुम्ही दोघं एका बाजूला बसून एकाच अडचणीकडे बघाल.

त्यांची कोंडी समजून घ्या म्हणते, त्यांचं वागणं सोसा म्हणत नाही. आजारी आईला भेटायला न जाऊ देणं आणि रोज फोन तपासणं या दोन्ही गोष्टी चुकीच्याच आहेत, आणि मित्र गमावल्याचं दुःख त्यांना माफ करत नाही.

आता दादा. त्याच्यावर मी जरा जास्तच चिडले आहे, कारण तुमच्या घरात ठिणगी पडेल हे माहीत असून तो बहिणीला खबरी बनवतो आहे, आणि आईच्या जखमेची चौकशी करायला निघालेल्या बहिणीकडे तात्यांच्या जेवणावळीची चौकशी करतो आहे. त्याला एकदाच सांगा, फोनवर, थोडक्यात: ‘दादा, आईचं सांगायला कधीही फोन कर, मध्यरात्रीसुद्धा. कारखाना, गट, तात्या यातलं काही विचारलंस तर मी फोन ठेवेन.’ आणि पुढच्या वेळी विचारलं की खरोखर ठेवा. दोनदा ठेवलात की कळेल. केस मागे घेण्यावरून दोन्हीकडून तुमच्यातर्फे निरोप धाडायचा प्रयत्न होईल, तेही धुडकावा. हाड मोडलेलं असलं की ती केस ओट्यावर बसून ‘मागे घेतली’ म्हणून मिटत नाही, कोर्टातून जावं लागतं. ज्याला मिटवायची आहे त्याने वकील गाठावा. निरोप्याचं काम तुमचं नाही.

तुमच्या नकाराची बातमी मात्र वहिनीला लगेच सांगू नका. मन होईल, कारण ती तुमची वहिनी आहे आणि तिलाही झोप लागत नसणार. पण अर्जांची मुदत संपेपर्यंत ‘आमच्या घरातून कोण उभं राहणार’ ही सासरची आतली गोष्ट आहे. ती नदीपलीकडे गेली की नवऱ्याला बांधावर दिलेला शब्द तुम्ही स्वतःच मोडलात. माघारीची तारीख गेली की खुशाल बोला, पोटभर बोला. आणि मतदान गुप्त असतं ते अशाच घरांसाठी. कुणाला मत देणार, कुणाला दिलं, हे नवऱ्याला नाही, भावाला नाही, कुणालाच सांगायचं नाही.

नवरा सोडू का, हे तुम्ही विचारलंत. निवडणुकीच्या तोंडावर हा निर्णय घेऊ नका, एवढंच आज सांगू शकते. सध्या त्या घरातली सगळी माणसं आपल्या नेहमीच्या स्वभावात नाहीत. निकाल लागून, गुलाल धुतला जाऊन दोन-तीन महिने जाऊ देत. त्यानंतरही अबोला तसाच राहिला, तर दोघांनी मिळून समुपदेशन केंद्रात जायचं का, हे तुम्ही त्यांना विचारा. त्यांनी चक्क नाही म्हटलं, तर तेही एक उत्तरच आहे आणि मग मला पुन्हा लिहा.

पण काही गोष्टींसाठी निकालापर्यंत थांबायचं नाही. हात उचलला, घराबाहेर काढलं, मुलं काढून घेण्याची धमकी दिली, पैसे बंद केले, तर ही भाऊबंदकी राहत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबरच मानसिक आणि आर्थिक छळही येतो. ज्या घरात तुम्ही संसार केलात त्यात राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, घर कुणाच्याही नावावर असलं तरी. तुमची खरी शंका मला कळते: ठाण्यात गेलं की पाच मिनिटांत तात्यांना फोन जाईल. म्हणून लक्षात ठेवा, या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते; बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. महिला हेल्पलाइन १८१, जिवाला धोका वाटला तर ११२. हे दोन्ही नंबर पाठ करा, फोनमध्ये साठवू नका, फोन तर रोज तपासला जातोय.

आणि या धामधुमीत दोन्हीकडून कुठलाही कागद पुढे आला, तर वाचल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. यात माहेरचं हक्कसोडपत्रही आलं. ‘आई आजारी आहे, नंतर कटकट नको’ म्हणून दादा ते पुढे करेल अशी मला शंका आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हे २००५ पासून कायद्यात आहे. हक्क सोडायचा की नाही, ते शांतपणे, नंतर ठरवा.

आईकडे जा. या आठवड्यात. परवानगी मागू नका, पण चोरूनही जाऊ नका. सकाळी नवऱ्याला सांगा, ‘गुरुवारी आईच्या पायाची पट्टी बदलायला नेणार आहे, संध्याकाळी पाचला परत येते. सोडायला येता का?’ साखर असलेल्या माणसाच्या पायाची जखम महिनोन्महिने भरत नसेल, तर गावातल्या ड्रेसिंगवर थांबू नये. पायात संवेदना किती आहे, रक्तपुरवठा कसा आहे, हे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जनकडून पाहून घ्यावं. जखम काळी पडत असेल, वास येत असेल, ताप असेल, तर गुरुवारचीही वाट बघू नका. ही गोष्ट दोन्ही पॅनेलच्या बाहेरची आहे, आणि ती तशीच, आवाजात कुठलाही सूर न आणता, सांगा. ते सोडायला आले आणि नुसते दाराबाहेर गाडीवर बसून राहिले, तरी चालेल. दादाशी बोला, आत या, असा आग्रह धरू नका.

राहिली मुलगी. ‘मामा वाईट आहे का?’ याचं उत्तर तिला द्याच, कारण ती हे दुसऱ्या कुणालाही विचारेल आणि भलतंच उत्तर घेऊन येईल. नऊ वर्षांच्या मुलीला निवडणुकीचं सांगून फार काही कळणार नाही. ‘मामाचं आणि आपल्या घरातल्यांचं मोठं भांडण झालंय. मामाला लागलं, हे खूप चुकीचं झालं. पण भांडण मोठ्यांचं आहे, ते तुला मिटवायचं नाही आणि त्यात कुणाची बाजूही घ्यायची नाही. मामा तुझा मामाच आहे.’ एवढं बस्स. इकडचं तिकडे सांगायला तिला कुणी विचारलं, मग ते तात्या असोत की मामा, तर ‘आईला विचारा’ म्हणायचं, हेही तिला शिकवा. मुलांकडून बातम्या काढणं ही अशा घरांमधली फार जुनी रीत आहे. आणि जमलं तर हे सगळं तिच्या बाबांच्या समोर सांगा. तुमच्याशी ते मुलांसमोर तेवढं बोलतात म्हणालात ना? मग तिथेच त्यांना हे ऐकू द्या. एखादं वाक्य कदाचित ते स्वतःहून जोडतील.